उंडा, टेक सात

जनरेटर रायबंदरहून फेरीबोटीतून आला.
चोडणला उतरलो आणि केरोबिनच्या बेकरीत
दुपारी साडेतीनला रात्र लावली:
खिडक्यांवर काळं कापड, कडेनं खिळे,
दाराच्या फटीतून एक ऊन शिरत होतं
त्यावर लाइटमननं टेप मारली.
केरोबिन म्हणाला, "रात्र अशी मीटरवर मिळते
हे ठाऊक असतं, तर तीस वर्षं झोपलो असतो."

माझं काम लक्षात ठेवायचं.
लिहिणारा विसरतो, दाखवणारा विसरतो,
पैसे घालणारा तर ठरवून विसरतो.
मी वहीत लिहिते: दुसरं बटण उघडं.
पीठ डाव्या भुवईवर. कपाचा कान खिडकीकडे.
कारण आज जे दार इथं उघडतंय
त्याच्या पलीकडची खोली अकरा दिवसांनी
फोंड्याला उघडणार आहे,
आणि माणूस त्याच घामानं आत शिरला पाहिजे.
याला कंटिन्युइटी म्हणतात.
माझ्या सासरी याला वळण म्हणत.

सीन छोटा. मुलगा पाव चावतो
आणि बापाला म्हणतो, "भट्टी विकूया."
मास्टर शॉटमध्ये सगळंच आलं: भट्टी, फळी,
बाप झालेला नट, मुलगा झालेला नट.
मग मुलाचा क्लोजअप, मग बापाचा.
वाक्य तेच, घास तोच,
पाव मात्र दर टेकला नवा
आणि दर टेकला तेवढाच खाल्लेला.
मी कोपऱ्यात बसून
चौदा उंडे एकाच जागी चावले, डावीकडून.
पडद्यावर दिसतील ते दात माझे आहेत.

बाप झालेला नट पीठ मळत नव्हता,
कुरवाळत होता.
दिग्दर्शक म्हणाला, इन्सर्ट घेऊ. नुसते हात.
हात केरोबिनचे.
मेकअपवाल्यानं आधी नटाच्या मनगटावर
केरोबिनचे भाजलेले डाग काढले,
तीन, त्यातला एक बराच जुना.
नटानं विचारलं, "धुतल्यावर जातील ना?"
केरोबिननं स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं,
मग पिठाकडे,
आणि कोणी ॲक्शन म्हणायच्या आत मळायला लागला.
कट म्हटल्यावरही थांबला नाही.
पीठ अजून झालं नव्हतं.

शेवटी साउंडवाला बॉस्को म्हणाला, हलू नका. रूम टोन.
प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते,
दुसरीकडची आणून जोडली
तर कानाला ठिगळ दिसतं.
तेवीस माणसं, जिथं होती तिथं, पुतळे.
भट्टी निवताना विटा टिचकत होत्या.
एकोणिसाव्या सेकंदाला
मागच्या दारातून एस्पेरांस ओरडली,
"च्या घेवंक येयात रे!"
शांततेचा रीटेक झाला.

आठ महिन्यांनी पंचायतीच्या मैदानावर चादर ताणली.
तो सीन चाळीस सेकंदांचा उरला होता,
हात चार सेकंदांचे.
आणि तिथंच, दोन शॉटांच्या सांध्यात,
मुलानं चावलेला उंडा
पुढच्या क्षणी अख्खा.
एडिटरला अभिनय सातव्या टेकमधला आवडला,
आणि सातव्या टेकला पाव कोणी दिला
हे माझ्या वहीत नाही.
तेव्हा मी बहुतेक चहाकडे पाहत होते.

कोणालाच कळलं नाही.
एकटा केरोबिन प्रोजेक्टरच्या झोतात उभा राहिला,
त्याचं डोकं पडद्यावर भट्टीएवढं झालं,
"आरे पळे! उंडो परतून भरलो!"
लोक ओरडले, बस खाली.
तो बसला, पण हसू थांबेना,
शेजारच्या पाद्रीला कोपरानं ढोसत म्हणाला,
"पाच पाव, दोन मासे, ते विसर.
हें माझ्या बेकरेंत जालां."

मी चुकीबद्दल सांगणार होते.
शेवटी नावं आली, त्यात त्याचं नाव
एक अक्षर चुकून आलं,
ते त्यानं पाहिलंच नाही.

पहाटे त्यानं कागदात गुंडाळून एक उंडा दिला.
पहिल्या फेरीबोटीत, कठड्याला टेकून,
मी तो चावला, सवयीनं डावीकडून.
थोड्या वेळानं कागद पुन्हा उघडून पाहिला.
कमीच झाला होता.